ऑरगॅनिक सोडलं तो हिवाळा

दुसऱ्या परीक्षेचे मार्क फोनवर आले तेव्हा मी बसमध्ये होते. रेडमंडहून, आमच्या उपनगरातून, युनिव्हर्सिटीकडे जाणारी ती बस तलावावरच्या पुलावर गर्दीत अडकली होती. काचांवर आतून वाफ धरली होती आणि शेजारचा माणूस कानात काहीतरी घालून डोळे मिटून बसला होता. शंभरात अडतीस. वर्गाची सरासरी त्याच्याच खाली दिली होती, ती माझ्या बरीच वर होती. मी फोन मांडीवर पालथा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलून पाहिला. अडतीसच होते.

विषय होता ऑरगॅनिक केमिस्ट्री. अमेरिकेत मेडिकलला जायचं तर आधी कॉलेजात ठरावीक विषय चांगल्या ग्रेडने पुरे करावे लागतात. हा त्यातला असा विषय, की इथपर्यंत येऊन बरीच मुलं डॉक्टर व्हायचा विचार मागे ठेवतात आणि दुसरं काहीतरी शिकायला लागतात. मुलं म्हणजे एकोणीस-वीस वर्षांची. मी पस्तिशीची होते. नागपूरला बी.एस्सी. करून, नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपाठोपाठ इकडे आलेली, तिसरीतल्या मुलीची आई. ग्रीन कार्ड हातात आलं त्याच वर्षी मी अॅडमिशन घेतली. नोकरीच्या आणि मेडिकलच्या वाटा व्हिसामुळे इतकी वर्षं बंद होत्या, त्या एकदम उघडल्या तेव्हा मला धीर धरवला नाही.

मेडिकलच का, असं मला सगळे विचारत. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देई, कारण खरं उत्तर सांगायला वेळ लागायचा. कॉलेज सुरू करण्याआधी दोन वर्षं मी एका हॉस्पिटलात बिनपगारी दुभाषी म्हणून काम करत होते आणि नंतरही आठवड्यातून एकदा जात राहिले. आपल्याकडचे आईवडील मुलांकडे सहा महिने राहायला येतात, इथल्या थंडीत आजारी पडतात, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांचं इंग्रजी आटतं. तिथे मी मध्ये बसायची. दुभाष्याने स्वतःचं काहीच बोलायचं नसतं. पेशंट म्हणाला, माझ्या छातीत दुखतं, तर मीही इंग्रजीत ‘माझ्या छातीत दुखतं’ असंच म्हणायचं. ‘ते म्हणतात की त्यांच्या छातीत दुखतं’ असं नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या गुडघ्यांबद्दल, दुसऱ्यांच्या झोपेबद्दल ‘मी, मी’ करत असे, आणि माझं स्वतःचं मत मात्र कुणाला नको असे.

एकदा एका मावशींना डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी रोज घेता का? मावशी म्हणाल्या, “हो, घेते की.” हे ‘घेते की’ मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्याचा अर्थ, आठवण झाली तर घेते. पण मला फक्त ‘हो’ म्हणायची परवानगी होती. डॉक्टरांनी ‘हो’ टाइप केलं आणि गोळीचा डोस वाढवला. त्या दिवशी घरी येताना वाटलं, डॉक्टरांच्या खुर्चीत मी असते तर हिला पुढचा प्रश्न विचारला असता. कुणाला ही फार मोठी गोष्ट वाटणार नाही. मला मात्र तिने अभ्यासाला बसवलं.

वर्गात आम्ही तीनशेच्या आसपास होतो. उतरत्या पायऱ्यांचा मोठा हॉल, आणि मी साधारण मधल्या ओळीत बसायची. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या सगळ्यात शेवटी भरत. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. एकदा तर एका मुलाने मला शिकवणाऱ्यांपैकी समजून अदबीने विचारलं की उद्याच्या क्विझमध्ये काय काय येणार आहे. मीही विद्यार्थीच आहे म्हटल्यावर तो सॉरी म्हणाला आणि लांब जाऊन बसला. अभ्यासाचे गट पहिल्याच आठवड्यात जमले होते. ते हॉस्टेलमध्ये जेवणं झाल्यावर भेटत, तेव्हा मी तलावाच्या दुसऱ्या बाजूला मुलीचा होमवर्क तपासत असे.

लॅबमध्ये माझ्यासोबत एक मुलगी होती. कॉलेजच्या पोहण्याच्या टीममधली, केस नेहमी ओले. मला ती ‘मॅम’ म्हणायची. आमचं बोलणं फ्लास्क आणि थर्मामीटरपुरतं होतं, पण आठवड्यात एवढं कॉलेजमधलं कुणीच माझ्याशी बोलत नव्हतं, त्यामुळे मला लॅबचा दिवस आवडायचा.

आणि अभ्यास मी करत होते, अगदी मन लावून. बारावीला जसा केला होता तसा. रिअॅक्शन्सची कार्डं करून भिंतीवर, फ्रिजवर, ओट्याच्या वरच्या कपाटावर चिकटवली होती. भाजी फोडणीला टाकताना मी त्या पाठ म्हणायची. तरीही पेपर समोर आला की त्यातलं एकही ओळखीचं निघत नसे.

क्वार्टरच्या, म्हणजे दहा-अकरा आठवड्यांच्या सत्राच्या, सातव्या आठवड्यापर्यंत विषय सोडता येत होता. त्यानंतर जी ग्रेड मिळेल ती कायमची. सोडला तर त्या विषयापुढे फक्त ‘डब्ल्यू’ लागतो, म्हणजे हिने मध्येच माघार घेतली. ते मार्क आले तो सोमवार होता आणि सोडण्याची मुदत त्याच शुक्रवारी संपत होती.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो समजूतदार माणूस आहे, आणि त्या दिवसांत तर घरातलं निम्म्याहून जास्त काम तोच करत होता. शनिवार-रविवारी मुलीला घेऊन बाहेर जाई, म्हणजे मला घर शांत मिळावं. त्याने सगळं ऐकून घेतलं, लॅपटॉप बंद केला आणि म्हणाला, “तू ठरव. तू जे ठरवशील त्यात मी आहे.”

याहून चांगलं वाक्य नवऱ्याने काय बोलावं? पण मला त्याचा राग आला. तो म्हणाला असता की सोडून दे, तर मी त्याच्याशी भांडले असते आणि भांडता भांडता मला कळलं असतं की मला काय हवंय. तो म्हणाला असता सोडू नकोस, तरी तेच. ‘तू ठरव’ म्हणून त्याने दार माझ्यासाठी उघडं धरलं, आणि दारात मी एकटीच उभी.

आईला फोन केला तर तिकडे सकाळ होती, तिचा चहा व्हायचा होता. तिला ऑरगॅनिक वगैरे काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं की एक विषय जड जातोय. ती म्हणाली, तुला काय कमी आहे गं? चांगला नवरा आहे, गोड मुलगी आहे. हे ती मायेने म्हणत होती. मग तिने मावसबहिणीच्या मुलाच्या मुंजीचं सांगायला सुरुवात केली आणि मी हं हं करत राहिले. आमच्या इथल्या मराठी ग्रुपमधली एक मैत्रीण म्हणाली, “सोड ना यार, कशाला एवढं स्ट्रेस घेतेस? डेटा अॅनालिटिक्सचा कोर्स कर, सहा महिन्यांत जॉब.” तिनेही तो कोर्स केला होता आणि ती सुखात होती. माझ्याशी सगळे प्रेमानेच वागत होते आणि सगळ्यांचं प्रेम मला एकाच दिशेला ढकलत होतं.

मंगळवारी मी मेडिकलला जाणाऱ्या मुलांना सल्ला देणाऱ्या ऑफिसात गेले. तिथली मुलगी माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल. तिने हसून सांगितलं की एखाद्या डब्ल्यूचं काही वाटून घेऊ नका, सी किंवा त्याखालची ग्रेड मात्र अडचणीची. मी विचारलं, आणि सोडून पुन्हा घेतला तर? मग पुढचे विषयही मागे सरकतील, ती म्हणाली, एक वर्ष तरी. “तुमच्या टाइमलाइनचा विचार करावा लागेल.” वय हा शब्द तिने टाळला. माझ्यासमोर टिशूचा डबा सरकवला होता तोही मला नंतर दिसला. मी रडत नव्हते.

तिथून निघाले ती सरळ प्रोफेसरबाईंकडे गेले. त्यांच्या ऑफिसात विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या वेळेत मी आधी एकदाच गेले होते आणि दाराबाहेरची मुलांची रांग बघून परत फिरले होते. त्या दिवशी पाऊस जोरात होता आणि रांग नव्हती. बाई साठीच्या, पांढरे केस कानाच्या वर कापलेले, बोलणं तुटक. मी माझा पेपर पुढे केला. त्यांनी तो चाळला, बाजूला ठेवला आणि भिंतीवरच्या फळ्यावर एक रेणू काढला. म्हणाल्या, यात पुढे काय होईल ते दाखवा.

मला येत होतं. ते कार्ड आमच्या फ्रिजवर होतं. मी खडूने उत्तर लिहिलं, बरोबर होतं. त्यांनी विचारलं, का?

मी पुन्हा उत्तरच वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ते झालं, पण का? इलेक्ट्रॉन इथून उठून तिकडे का जातील? मी खडू खाली ठेवला. मग त्यांनी त्याच रेणूला कोपऱ्यात एक जास्तीचा फाटा जोडला आणि विचारलं, आता? असं कार्ड माझ्याकडे नव्हतं. त्यांनी मला उत्तर सांगितलं नाही आणि बसाही म्हटलं नाही.

शेवटी मीच विचारलं, मी हा विषय सोडावा का?

“उरलेल्या आठवड्यांत हे दुरुस्त होणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला जमणार नाही म्हणून नव्हे. तुम्हाला पहिल्या धड्यापासून वेगळ्या पद्धतीने शिकावं लागेल आणि क्वार्टर तेवढं थांबत नाही.” मग म्हणाल्या, “परत येईन असं सांगून सोडणारे खूप बघितलेत मी. बहुतेक येत नाहीत. तुम्ही कुठल्यातल्या, ते मला बघून कळणार नाही.”

बाहेर आल्यावर मी छत्री न उघडताच बसस्टॉपपर्यंत गेले. अपमान झाला असं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. त्या आठवड्यात माझ्याशी सरळ बोलणारी ती पहिली व्यक्ती होती.

बुधवारी हॉस्पिटलचं काम होतं. वर्धेकडचे एक काका, सत्तरीच्या पुढचे, मुलाकडे आलेले. हृदयाच्या झडपेत बिघाड होता आणि ती बदलायची की औषधांवर थांबायचं हे ठरवायचं होतं. मुलगा कामातून निघून यायचा होता, तो रस्त्यात अडकला होता. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बाजू नीट समजावल्या. कशात काय धोका, कशानंतर किती दिवस पडून राहावं लागेल. मी ते सगळं मराठीत सांगत गेले. काकांनी स्वेटरची बटणं लावली, काढली, परत लावली. मग ते डॉक्टरांकडे न बघता माझ्याकडे वळले.

“बाई, तुम्ही आपल्या तिकडच्या दिसता. तुम्हीच सांगा ना. करू का नको?”

आणि मी डॉक्टरीणबाईंकडे बघून इंग्रजीत म्हटलं, बाई, तुम्ही आपल्या तिकडच्या दिसता, तुम्हीच सांगा, करू का नको?

त्या गोंधळल्या, मग त्यांना कळलं. त्या म्हणाल्या की हा निर्णय पेशंटचा आहे, दोन्ही पर्याय योग्य आहेत. ते मी काकांना सांगितलं. काका माझ्याकडे बघतच राहिले. आपल्या भाषेचं माणूस समोर बसलंय, आपलं बोलणं त्याला शब्दन् शब्द कळतंय, आणि तरी ते उत्तर देत नाही, हे त्यांना लागलं होतं. “ठीक आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. तेवढंही मी इंग्रजीत सांगितलं. मग मुलगा आला, धावत आला होता, आणि पुढचं सगळं त्या दोघांत इंग्रजी-मराठी मिसळून झालं. माझी गरज उरली नाही. काकांनी शेवटी काय ठरवलं ते मला कधीच कळलं नाही. दुभाष्याला कळवत नाहीत.

काकांना काय सांगायचं ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं, हे मला बसमध्ये बसल्यावर जाणवलं. ‘करा’ म्हणायला माझ्याजवळ काही नव्हतं, ‘नका करू’ म्हणायलाही नव्हतं. आणि ते शिकायचं असेल तर प्रोफेसरबाईंच्या त्या ‘का’पासून सुरुवात करायला हवी होती. कार्डांनी ते होणार नव्हतं. आमच्या स्टॉपवर उतरेपर्यंत माझं ठरलं होतं. मोठ्या निर्णयाच्या वेळी माणसाला काहीतरी वाटतं म्हणे. मला भूक लागली होती आणि पाय भिजले होते.

गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून मी विषय सोडला. स्क्रीनवर दोनदा विचारतात, नक्की का? दोन्ही वेळा हो म्हटलं. मुलगी समोर बसून चित्र रंगवत होती. तिने मान वर केली आणि इंग्रजीत विचारलं की झाला का अभ्यास. मी म्हटलं, झाला. ती पुन्हा रंगवायला लागली.

नवरा सिंकपाशी कुकर घासत होता. मी जाऊन म्हटलं, “सोडला.”

“बरं झालं,” तो म्हणाला.

पाठमोरा होता, पण त्याचे खांदे खाली आलेले मला दिसले. कितीतरी महिने वर धरून ठेवल्यासारखे होते ते, आणि मला आधी कधी दिसले नव्हते. त्याला वाटलं होतं, संपलं.

“विषय सोडला,” मी म्हटलं. “मेडिकल नाही.”

त्याने नळ बंद केला. “म्हणजे पुन्हा?”

“पुन्हा. पुढच्या फॉलला, सप्टेंबरपासून.”

त्याने मान डोलावली, नीट डोलावली, त्यात नाराजी नव्हती. मग नळ सोडला आणि कुकर घासायला लागला. खांदे परत वर गेले होते. इतक्या वर्षांच्या संसारात मला त्या ओट्याजवळ वाटलं तितकं एकटं कधी वाटलं नव्हतं, आणि दोष द्यायला कुणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात लॅबमधल्या मुलीचा मेसेज आला. तुम्ही ठीक आहात ना, मॅम? मी बरंच मोठं उत्तर लिहिलं. काका, फळा, अडतीस, सगळं. मग ते पुसलं आणि लिहिलं, ठीक आहे, विषय सोडला, तुला शुभेच्छा. तिने एक हसरा चेहरा पाठवला.

वर्गात मात्र मी जात राहिले. बाईंना मेल करून विचारलं होतं, त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, मागे जागा आहे. मी अगदी शेवटच्या ओळीत बसायची. परीक्षा नाही, ग्रेड नाही, पाठ करायचं काही नाही. कार्डं मी घरातून सगळी काढून टाकली होती. फ्रिज उघडा-बोडका दिसत होता. बाई फळ्यावर काही काढत आणि मी मनात एवढंच विचारत असे, का? आधी काही दिवस उत्तर येत नसे. मग एका सकाळी बाईंनी बाण काढण्याच्या आधी मला कळलं की तो कुठून कुठे जाणार आहे, आणि तो तिकडेच गेला. मी आजूबाजूला पाहिलं. सांगायला कुणी नव्हतं. दोन ओळी पुढे एक मुलगा झोपला होता.

फायनल परीक्षेच्या दिवशी मी घरी होते. ते तीन तास काय करावं सुचेना, म्हणून पोळ्या केल्या, लागणार होत्या त्याहून जास्त.

फॉलला त्याच बाईंकडे विषय पुन्हा घेतला. पहिल्या दिवशी त्यांनी मला पाहिलं आणि फळ्याकडे वळल्या. मला बी प्लस मिळाली. ए मिळाली असती तर गोष्ट जास्त चांगली झाली असती, पण नाही मिळाली. ग्रेड लागल्यावर मी त्यांना भेटायला गेले, तर त्या म्हणाल्या, म्हणजे परत आलात. मग दारातला दुसरा विद्यार्थी आत आला.

त्यापुढचं सगळं हळूहळू झालं. बाकीचे विषय, प्रवेशपरीक्षा, अर्ज. पहिल्या वर्षी सगळीकडून नकार आले. त्या वर्षी घरात कुणी ‘बरं झालं’ म्हणालं नाही आणि ‘पुन्हा कर’ असंही म्हणालं नाही. दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी प्रवेश मिळाला, पण तो डोंगराच्या पलीकडे, राज्याच्या पूर्व टोकाला. नवऱ्याची नोकरी आणि मुलीची शाळा इकडे. मला तिकडे खोली घेऊन राहावं लागणार होतं.

सामान घेऊन आम्ही दोघं गाडीने निघालो. घाट चढताना तो म्हणाला, “तू विषय सोडलास ना तेव्हा, मला खरं तर वाटलं होतं सुटलो.”

“मला दिसलं होतं,” मी म्हटलं.

त्याने पुढचं वळण घेतलं. मग म्हणाला, “आणि मग वाटलं, हिला आता कधीच कळू द्यायचं नाही.” मी हसले. तोही हसला, पण रस्त्यावरची नजर काढली नाही. पाच वर्षांत त्या संध्याकाळबद्दल आम्ही पहिल्यांदा बोलत होतो, आणि आता मी लांब राहायला चालले होते.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे, चाळिशी ओलांडलेली. इथे पाऊस कमी आणि बर्फ जास्त. वर्गातली मुलं मला नावाने हाक मारतात, जेवायला बोलावतात, आणि मी बऱ्याचदा जात नाही, कारण त्यांच्या गप्पांत मी आले की त्या जरा सांभाळून होतात. घाट उघडा असेल त्या शनिवारी नवरा आणि मुलगी येतात. मुलगी आता माझ्याएवढी उंच झाली आहे. येते, माझ्या एकुलत्या एक सोफ्यावर पाय पसरून फोन बघते, मधूनच मराठीत “आई, भूक” एवढं म्हणते. रविवारी दुपारी, अंधार पडायच्या आत घाट उतरायचा म्हणून, ते लवकर निघतात.

ते गेले की मी ताटल्या धुते आणि सोफ्याची चादर सारखी करते. खोली आधी होती तशी होते. मग टेबलाशी येऊन पुढचा धडा काढते, या आठवड्यात मूत्रपिंडाचा, कारण सोमवारी परीक्षा असते, आणि वाचायला लागते.